रंग न लावता पाहिलेली गाठ: अ‍ॅन आर्बरच्या ऑपरेशन थिएटरमधलं एक प्रकरण

इंटरकॉम वाजला की आम्हा पॅथॉलॉजिस्टना, म्हणजे ऊतक तपासून निदान करणाऱ्यांना, कळतं, आत कवटी उघडली आहे. पाच मिनिटांत थिएटरमधला मुलगा एक छोटी बाटली आणून देतो. आत सलाइनने ओलसर केलेल्या गॉजवर करड्या-गुलाबी रंगाचा, तांदळाच्या कणीएवढा तुकडा असतो. सोबतच्या कागदावर वय, एमआरआयचा निष्कर्ष आणि सर्जनचा नेहमीचाच प्रश्न: हे नेमकं काय आहे?

उत्तर उद्या देऊन चालत नाही, कारण पुढचा तासभर आत काय करायचं ते त्यावर ठरतं. ग्लायोब्लास्टोमा, म्हणजे मेंदूची झपाट्याने वाढणारी घातक गाठ, असेल तर जेवढी गाठ सुरक्षितपणे निघेल तेवढी काढायची. तीच गाठ लिम्फोमा (पांढऱ्या रक्तपेशींचा कर्करोग) निघाली तर बहुतेक वेळा बायोप्सी घेऊन थांबायचं, कारण तिचा मुख्य उपचार औषधांचा आहे आणि जास्त खरवडण्यात रुग्णाचा तोटाच आहे. गाठ नसून मायलिन, म्हणजे मज्जातंतूंवरचं स्निग्ध आवरण, झडल्यामुळे झालेली सूज असेल तर हात आवरता घ्यायचा. एमआरआयवर हे तिघं एकमेकांसारखे दिसू शकतात.

आम्ही तुकडा जेलमध्ये बसवतो, क्रायोस्टॅट या गोठवून काप घेणाऱ्या यंत्रात उणे वीस अंशांच्या आसपास गोठवतो, पाच मायक्रॉनचे काप घेतो, ब्रशने सरळ करून स्लाइडवर उचलतो, हिमॅटॉक्सिलिन आणि इओसिन (एच अँड ई) या रंगांमध्ये बुडवतो. वीस ते तीस मिनिटं. तेवढा वेळ सगळे थांबतात.

मेंदूचं ऊतक गोठवायला वाईट. त्यात पाणी फार असतं आणि सुजलेल्या मेंदूत आणखी जास्त. गोठणं संथ झालं तर बर्फाचे स्फटिक मोठे होतात आणि पेशींमध्ये भोकं पाडतात. मी पूर्वी जिथे काम करत होते तिथला क्रायोस्टॅट जुना होता, दार दोनदा उघडलं की तापमान चढायचं. एका दुपारी त्याने दिलेला काप चाळणीसारखा होता. केंद्रकं सुरकुतलेली, मधली जागा रिकामी. ही कमी दर्जाची, म्हणजे संथ वाढणारी, ग्लायोमा (मेंदूच्या आधारपेशींची गाठ) की नुसती प्रतिक्रिया, हे मला त्या कापावरून सांगता येईना. मी इंटरकॉमवर म्हटलं, "सर, आणखी एक तुकडा पाठवा, थोडा आतला." पलीकडे काही सेकंद शांतता. आणखी एक तुकडा म्हणजे मेंदूचा आणखी एक तुकडा, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. तेव्हापासून रंगाशिवाय, गोठवल्याशिवाय ऊतक पाहण्याच्या खटपटींकडे माझं लक्ष असतं. त्यातलं सर्वांत पुढे गेलेलं प्रकरण अमेरिकेत अ‍ॅन आर्बर इथल्या मिशिगन विद्यापीठातलं आहे. तेच इथे सविस्तर मांडते.

शंभर वर्षं जुनी घाई

ही घाई नवी नाही. १९०५ साली मिनेसोटातल्या मेयो क्लिनिकमध्ये सर्जन विल्यम मेयो यांनी पॅथॉलॉजिस्ट लुई विल्सन यांच्याकडे मागणी केली की रुग्ण टेबलावर असतानाच गाठ कर्करोगाची आहे की नाही ते कळायला हवं. विल्सन यांनी हिवाळ्यात खिडकीबाहेर ठेवून ऊतक गोठवलं, मेथिलीन ब्लूने रंगवलं आणि मिनिटांत उत्तर देण्याची रीत बसवली. फ्रोझन सेक्शनचं, म्हणजे गोठवून काप पाहण्याचं, काम रोजच्या वापरात आलं ते तिथून. मेंदूच्या बाबतीत १९३० मध्ये लुईज आयझेनहार्ट आणि हार्वी कुशिंग यांनी ताजा तुकडा काचेवर दाबून, पसरवून पाहण्याची पद्धत मांडली. तिचीच लेक म्हणजे आजची स्क्वॅश. बर्फाचा त्रास नाही म्हणून मेंदूसाठी ती मला फ्रोझनपेक्षा प्रिय आहे. पण दाबताना ऊतकाची मूळ रचना विस्कटते: रक्तवाहिन्या कशा फांद्या फोडतात, पेशी थर धरून आहेत की मोकळ्या सुटल्या आहेत, हे बरंचसं हातातून जातं.

म्हणजे शतकभर आपण दोन गोष्टींच्या आधारावर पाहत आलो: चिरून पातळ करणं आणि रंग चढवणं. ऊतक मुळात जवळजवळ पारदर्शक. पेशीचं केंद्रक आणि भोवतालचा द्रव प्रकाशाला सारखाच वागवतात, म्हणून साध्या सूक्ष्मदर्शकाखाली न रंगवलेला काप धुक्यासारखा दिसतो. रंग हा आपला दुभाषी.

रंगाचा आणखी एक मार्ग सर्जन वापरतात. रुग्णाला शस्त्रक्रियेच्या काही तास आधी ५-एएलए नावाचं द्रव्य प्यायला देतात. उच्च दर्जाच्या ग्लायोमाच्या पेशींत त्यापासून एक चमकणारा रेणू साठतो आणि निळ्या प्रकाशात गाठ गुलाबी-लाल दिसते. चांगलं साधन आहे. पण कमी दर्जाच्या ग्लायोमा सहसा चमकत नाहीत, आणि ही चमक गाठ कुठे आहे ते सांगते, ती कोणती आहे ते सांगत नाही.

रेणू स्वतःच बोलतो

२८ फेब्रुवारी १९२८. कोलकात्यात चंद्रशेखर व्यंकट रामन आणि के. एस. कृष्णन द्रवातून विखुरलेल्या प्रकाशात एक बदललेला रंग पाहत होते. प्रकाशाचा कण रेणूवर आदळतो तेव्हा क्वचित तो रेणूला थोडी ऊर्जा देऊन जातो आणि स्वतः तेवढ्याने फिका पडतो. किती फिका, ते रेणूतला बंध कसा थरथरतो त्यावर अवलंबून. म्हणजे परत आलेल्या प्रकाशात रेणूची सही असते. १९३० चं नोबेल त्यासाठी मिळालं आणि आपण दरवर्षी याच तारखेला राष्ट्रीय विज्ञान दिन साजरा करतो. शाळेत आपण एवढंच शिकतो. अडचण आकड्यात आहे: साधारण कोटीभर प्रकाशकणांपैकी एखादाच असा बदलून येतो. एका बिंदूवरून सही वाचायची तर वाट पाहता येते, पण लाखो बिंदूंचं चित्र काढायचं तर तास जातील. थिएटरमध्ये तास कुणाकडे आहेत?

हार्वर्डमध्ये सनी शिए यांच्या गटाने यावर मात केली. ख्रिश्चन फ्रॉयडिगर आणि सहकाऱ्यांचा निबंध २००८ च्या डिसेंबरमध्ये ‘सायन्स’मध्ये आला. कल्पना अशी: एकाऐवजी दोन लेसर एकाच बिंदूवर टाकायचे. दोघांच्या कंप्रतेतला फरक नेमका त्या बंधाच्या थरथरण्याइतका ठेवायचा. झोपाळ्याला त्याच्या लयीत धक्का दिला तर तो उंच जातो, अवेळी दिला तर नाही. दोन लेसर मिळून त्या बंधाला त्याच्या लयीत धक्के देतात आणि जे क्वचित घडायचं ते कितीतरी जास्त वेळा घडू लागतं. एका लेसरचे प्रकाशकण किंचित घटतात, दुसऱ्याचे तेवढेच वाढतात. ही घट मोजली की त्या बिंदूवर तो बंध किती आहे ते कळतं. याला उद्दीपित रामन विकिरण म्हणतात.

घट किती? दहा हजारांत एखादा भाग, अनेकदा त्याहूनही कमी. लेसरची स्वतःची चलबिचल त्याहून मोठी असू शकते. म्हणून एक लेसर सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद करायचा आणि दुसऱ्यात नेमकी त्याच लयीतली घट शोधायची. लग्नाच्या गजबजाटात ओळखीचा ताल वेगळा ऐकू यावा तसं. लेसरची चलबिचल बहुतेक संथ लयींत असते, इतक्या वेगवान लयीत ती फार उरत नाही.

आणखी एक देणगी मिळते, आणि ती मला रंग जाण्याइतकीच मोठी वाटते. धक्का लागायला दोन्ही लेसर दाट एकवटलेले लागतात, आणि तसे ते फक्त केंद्रबिंदूपाशी असतात. त्याच्या वर-खाली काही घडत नाही. त्यामुळे जाड तुकड्याच्या आतली एकच पातळ पातळी दिसते. ब्लेडने चिरायची गरज नाही, प्रकाशच काप घेतो. क्रायोस्टॅट गेला, बर्फाचे स्फटिकही गेले.

टेबलावरून ट्रॉलीवर

अ‍ॅन आर्बरचे मेंदूशल्यचिकित्सक डॅनियल ऑरिंजर आणि हार्वर्डचा हा गट एकत्र आले आणि २०१३ मध्ये ‘सायन्स ट्रान्सलेशनल मेडिसिन’मध्ये उंदराच्या मेंदूतल्या आणि शस्त्रक्रियेतून आलेल्या ताज्या मानवी ऊतकातल्या गाठी या पद्धतीने दाखवल्या. पण यंत्र अजून प्रयोगशाळेतलं होतं. ते लेसर कंपन न पोचणाऱ्या जड टेबलावर बसवायचे, आरसे केसभर हलले तरी दोन्ही किरण एकमेकांना चुकायचे. थिएटरच्या कोपऱ्यात, जिथे ट्रॉल्या आपटतात आणि एसी कधी जास्त कधी कमी असतो, तिथे ते टिकलं नसतं.

तोडगा फायबर लेसरचा. प्रकाश आरशांऐवजी काचेच्या तंतूतून न्यायचा, म्हणजे जागा हलली तरी वाट बदलत नाही. एक किरण ७९० नॅनोमीटरवर पक्का बांधलेला, दुसरा १,०१५ ते १,०५० नॅनोमीटरच्या टप्प्यात फिरवता येणारा. फायबर लेसर जास्त चलबिचल करतो, म्हणून किरणाचा एक वाटा ऊतकात न पाठवता बाजूने मोजतात आणि तेवढी चलबिचल वजा करतात. फ्रॉयडिगर यांनी सहसंस्थापक म्हणून उभ्या केलेल्या इन्व्हेनिओ इमेजिंग या कंपनीने हे चाकांवरच्या यंत्रात बसवलं. कंपनीचे लोक या संशोधनात सहलेखक आहेत. निबंधांत ते उघड नमूद आहे, वाचताना ते लक्षात ठेवावं.

आता तुकड्याचा प्रवास पाहा. काही मिलिमीटरचा ताजा तुकडा, सलाइनचा थेंब, खास स्लाइडवर ठेवून वरून काच दाबायची, यंत्रात सरकवायची. रंग नाही, गोठवणं नाही, कापणं नाही. जे काम आमचा तंत्रज्ञ अनेक वर्षांच्या हातोटीने करतो ते इथे जवळजवळ नाहीसं होतं. त्याबद्दल मला आनंद आणि काळजी दोन्ही वाटतं, कारण तोच हात दुसऱ्या दिवशी अंतिम निदानाच्या पॅराफिनच्या (मेणाच्या) ब्लॉकलाही लागतो.

यंत्र दोन लयींवर चित्रं घेतं. तरंगसंख्या २,८४५ प्रति सेंटिमीटर, जिथे स्निग्ध पदार्थांतले कार्बन-हायड्रोजन बंध जोरात थरथरतात, आणि २,९३०, जिथे प्रथिनंही बोलतात. पहिल्या चित्रात मायलिन झळाळतं आणि केंद्रकं काळी भोकं दिसतात, कारण तिथे स्निग्ध पदार्थ कमी. दुसऱ्यातून पहिलं वजा केलं की केंद्रकं उजळतात. दोन राखाडी चित्रं, एवढीच मूळ माहिती.

त्या गटाचा मला सर्वांत शहाणपणाचा वाटलेला निर्णय इथला आहे. त्यांनी ही राखाडी चित्रं पॅथॉलॉजिस्टपुढे तशीच ठेवली नाहीत. संगणकाने त्यांना जांभळा आणि गुलाबी रंग दिला: केंद्रकं गडद जांभळी, भोवतालचं गुलाबी, अगदी एच अँड ईसारखं. आमच्या डोळ्यांना त्या दोन रंगांत गाठ वाचायची सवय पिढ्यान्‌पिढ्या आहे. नवी लिपी शिकायला लावली असती तर यंत्र कोपऱ्यात धूळ खात पडलं असतं. रंग ऊतकातून काढला आणि चित्रात परत घातला. काहींना ही फसवणूक वाटते, मला नाही वाटत. फक्त हे विसरायचं नाही की तो जांभळा हिमॅटॉक्सिलिनचा नाही. हिमॅटॉक्सिलिन केंद्रकातल्या आम्लाला धरतं, इथला जांभळा म्हणजे एक वजाबाकी आहे. दोन्ही बहुतेकदा एकाच जागी पडतात, म्हणून चालतं.

आणि काही गोष्टी इथे जास्त दिसतात. पॅराफिन ब्लॉक करताना ऊतक अल्कोहोल आणि झायलीनमधून जातं, तिथे स्निग्ध पदार्थ धुऊन जातात. चरबीची पेशी आमच्या स्लाइडवर पोकळ वर्तुळ असते, मायलिनचं आवरण तर एच अँड ईवर नीट उमटतच नाही. या यंत्रात तेच आधी दिसतं. त्यामुळे गाठीच्या कडेला पेशी मेंदूच्या पांढऱ्या भागात कशा शिरल्या आहेत, तंतूंच्या मधून कशा सरकल्या आहेत, हे चित्रात उघड होतं. उलट, ऑलिगोडेंड्रोग्लिओमा या ग्लायोमाच्या प्रकाराची आमची लाडकी खूण, केंद्रकाभोवतीचं तळलेल्या अंड्यासारखं वलय, मुळात फॉर्मलिन आणि पॅराफिनमुळे तयार होते. फ्रोझनमध्ये ती नसते. आपण ज्याला गाठीचा चेहरा म्हणतो त्यात आपल्या प्रक्रियेचाही हात असतो, हे रंगाशिवाय पाहिल्यावर जास्त जाणवतं.

आकडे काय म्हणतात

२०१७ मध्ये ‘नेचर बायोमेडिकल इंजिनिअरिंग’मध्ये अ‍ॅन आर्बरचा अनुभव आला. मेंदूशस्त्रक्रियेच्या १०१ रुग्णांचं ऊतक त्यांनी थिएटरमध्येच पाहिलं. त्यातल्या ३० जणांच्या बाबतीत खरी परीक्षा घेतली: न्यूरोपॅथॉलॉजिस्टना काही तुकडे नेहमीच्या पद्धतीने आणि काही नव्या चित्रातून दाखवले. दोन्हींतलं एकमत कप्पा मापावर ०.८९ च्या वर, अचूकता ९२ टक्क्यांच्या वर. कप्पा म्हणजे नुसत्या योगायोगाने जुळणारी उत्तरं वजा करून उरलेलं एकमत. ०.८९ हा दोन अनुभवी पॅथॉलॉजिस्टमध्येही अभिमानाचा आकडा आहे.

इथपर्यंत वाचणारा माणूसच होता. पुढची पायरी टॉड हॉलन, ऑरिंजर आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये ‘नेचर मेडिसिन’मध्ये टाकली. ४१५ रुग्णांच्या ऊतकाची पंचवीस लाखांहून जास्त छोटी चित्रं दाखवून त्यांनी एक न्यूरल नेटवर्क, म्हणजे उदाहरणांतून शिकणारी संगणकप्रणाली, शिकवलं. मग तीन केंद्रांत, मिशिगन, कोलंबिया आणि मायामी विद्यापीठांच्या रुग्णालयांत, २७८ रुग्णांवर तुलना केली. प्रत्येक रुग्णाच्या तुकड्याचे दोन भाग. एक नेहमीसारखा पॅथॉलॉजिस्टकडे, दुसरा यंत्रात आणि नेटवर्ककडे. नेटवर्क ९४.६ टक्के बरोबर, पॅथॉलॉजिस्ट ९३.९ टक्के. नेटवर्कचं उत्तर दीडशे सेकंदांच्या आत.

९४.६ आणि ९३.९ मधला फरक मी मोठा करणार नाही. हिशेब मांडला तर २७८ मध्ये २६३ आणि २६१, म्हणजे दोन रुग्णांचा फरक. नेटवर्क पॅथॉलॉजिस्टपेक्षा कमी नाही, एवढंच त्यातून सिद्ध होतं, आणि अभ्यासही तेवढ्याचसाठी रचला होता. मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त मोलाची वाटली: दोघांच्या चुका एकाच रुग्णांत पडल्या नाहीत. जिथे माणूस चुकला तिथे यंत्र बरोबर होतं, आणि यंत्र चुकलं तिथे माणूस. फ्रोझनच्या कामात दुसरं मत मिळणं ही चैन आहे. दुपारी चार वाजता, विभागात एकटीच असताना, अडीच मिनिटांत एक दुसरं मत मिळत असेल आणि त्या मताच्या चुका माझ्या चुकांवर पडत नसतील, तर मला ते हवं आहे. माझ्या जागी नको, माझ्या शेजारी हवं.

त्यानंतरचं काम झपाट्याने झालं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या वर्गीकरणात ग्लायोमाचं नाव ठरवायला आयडीएच जनुकातला बदल आणि १पी/१९क्यू या गुणसूत्रांच्या भागांचा लोप पाहावाच लागतो. त्यांचे अहवाल यायला दिवस, कधी आठवडे जातात. २०२३ मध्ये याच गटाच्या डीपग्लायोमा या प्रणालीने १५३ रुग्णांत फक्त चित्रावरून हे बदल ओळखण्यात सरासरी ९३.३ टक्के अचूकता दाखवली, तीही दीड मिनिटाच्या आत. २०२४ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या फास्टग्लायोमाने वेगळा प्रश्न घेतला: गाठ काढून झाली असं वाटतं तेव्हा कडेला काही उरलं आहे का? २२० रुग्णांच्या त्या अभ्यासात धोक्याची उरलेली गाठ नजरेतून सुटण्याचं प्रमाण ३.८ टक्के होतं, एमआरआयच्या नकाशावर आणि चमकणाऱ्या द्रव्यावर विसंबल्यास सुमारे २५ टक्के. माझ्या मते सर्जनच्या रोजच्या कामात सर्वांत जास्त फरक पाडेल तो हाच उपयोग. गाठीचं नाव एकदाच लागतं. "अजून आहे का?" हा प्रश्न एका शस्त्रक्रियेत दहा वेळा पडतो, आणि दहा वेळा फ्रोझन पाठवणं कुणालाच शक्य नसतं.

तेरा खण

आता माझी हरकत. ती यंत्रावर नाही, हे यंत्र आपल्याकडे येईल तेव्हा ते कसं आणावं याबद्दलची आहे.

२०२० च्या नेटवर्कला उत्तर द्यायला तेरा खण दिले होते. घातक ग्लायोमा, कमी दर्जाची पसरट ग्लायोमा, पायलोसिटिक अ‍ॅस्ट्रोसायटोमा, इपेंडिमोमा, लिम्फोमा, इतर अवयवांतून आलेली गाठ, मेड्युलोब्लास्टोमा, मेनिंजिओमा, पिट्युटरी अ‍ॅडेनोमा. मग गाठ नसलेले चार: प्रतिक्रिया किंवा उपचारांचा परिणाम, मेंदूचा पांढरा भाग, करडा भाग, आणि निदान न होण्याजोगं ऊतक. अमेरिकेतल्या थिएटरमध्ये जे येतं त्याची ही प्रामाणिक यादी आहे.

आमच्याकडे बाटलीत जे येतं त्यातली एक नेहमीची पाहुणी या यादीत नाही: क्षयाची गाठ, ट्यूबरक्युलोमा. एमआरआयवर कडेने उजळणारं वर्तुळ, भोवती सूज, रुग्णाला झटके. कागदावर लिहिलेलं असतं, "ग्लायोमा? मेटास्टॅसिस? ट्यूबरक्युलोमा?" तीनही प्रश्नचिन्हं खरी असतात. स्क्वॅश करताना काच सरकवली की कधी हाताला आधी कळतं: तुकडा पसरत नाही, चीजसारखा चुरतो. मग सूक्ष्मदर्शकाखाली चपलेच्या तळव्यासारखी लांबट केंद्रकं असलेल्या एपिथेलिऑइड पेशी, आणि नशीब असेल तर कडेने केंद्रकांची नालासारखी माळ असलेली लँगहान्स पेशी. हे दिसलं की मी इंटरकॉमवर सांगते, "ग्रॅन्युलोमा आहे, कल्चरला वेगळा तुकडा ठेवा, फॉर्मलिनमध्ये टाकू नका." रुग्णाच्या पुढच्या वर्ष-दीड वर्षाच्या औषधांची दिशा त्या वाक्यात ठरते.

तेरा खणांच्या नेटवर्कसमोर हा तुकडा ठेवला तर ते काय करेल? निबंध लिहिणाऱ्यांनी याचा विचार केला आहे. शिकवलेल्या कोणत्याच खणाजवळ चित्र बसत नसेल तर ते अंतर मोजून ‘हे ओळखीचं नाही’ असा इशारा देण्याची सोय त्यांनी केली. चांगली सोय आहे. पण तिकडे जे विरळा आहे ते इकडे आठवड्याचं काम आहे. ज्याला आपण दर थोड्या दिवसांनी भेटतो त्याला यंत्राने प्रत्येक वेळी अनोळखी म्हणावं, हे परवडणारं नाही. आणि मृत ऊतक, सूज, जमलेल्या पेशी यांमुळे ते चित्र घातक ग्लायोमाच्या खणाजवळ सरकलं तर इशाराही वाजणार नाही. म्हणून आपल्याकडे असं यंत्र आलं तर पहिली दोन-तीनशे प्रकरणं ते गप्प बसून चालावं. नेहमीचा फ्रोझन, नेहमीचा स्क्वॅश, आणि शेजारी यंत्राचं चित्र साठत जावं, त्यावर अंतिम निदान नंतर चिकटवावं. चौदावा खण आपल्याच स्लाइडवरून भरला पाहिजे.

आपल्याकडे या भौतिकशास्त्राची माणसं नाहीत असंही नाही. खारघरच्या अ‍ॅक्ट्रेकमध्ये, टाटा मेमोरियल सेंटरच्या संशोधन संस्थेत, रामन वर्णपटाने तोंडाच्या कर्करोगावर बरीच वर्षं काम चालू आहे. रुग्णाच्या गालाच्या आतल्या अस्तरावर तंतूचं टोक टेकवून काही सेकंदांत वर्णपट घेतात. तिथे चित्र नसतं, एका बिंदूची सविस्तर सही असते. अ‍ॅन आर्बरच्या यंत्राचं बरोबर उलट: त्याला दोनच अक्षरं वाचता येतात, पण ती लाखो बिंदूंवर. तंबाखूच्या देशात तोंडापासून सुरुवात करणं मला योग्यच वाटतं. तुकडा न काढता पाहता येतो, आणि प्रत्येक तालुक्यात पॅथॉलॉजिस्ट नसतो.

एक गोष्ट मात्र आजही, कोणतंही नेटवर्क न शिकवता, आपल्या कामाची आहे. फ्रोझनला लावलेला तुकडा जेल, बर्फ आणि रंगातून जातो. कणीएवढ्या बायोप्सीत त्यातच अर्धं ऊतक संपतं. मग पॅराफिनला उरत नाही, आयडीएचला उरत नाही, क्षयाच्या तपासणीला तर बहुधा नाहीच. रामनच्या चित्रासाठी दाबलेला तुकडा सलाइनमध्ये होता तसाच राहतो. काच उचलायची, चिमट्याने तो सोडवायचा. अर्धा फॉर्मलिनच्या बाटलीत, अर्धा कोरड्या कुपीत सीबीनॅटला, म्हणजे क्षयाच्या जनुकीय चाचणीला. बाटलीवर लेबल लावायचं, वेळ लिहायची, आणि इंटरकॉम उचलायचा.